रंगारीकाकांचं मशीन आणि काकूंचे कान

गल्लीत रंगारीकाकांइतका खडूस माणूस नाही असं सगळे म्हणायचे, आणि जुनी वस्तू रंगवायची झाली की सगळे त्यांच्याच दारात उभे. पुढच्या खोलीत रंगायला आलेले पंखे, सायकलींचे सांगाडे, लोखंडी कपाटं, शिवणयंत्रांचे पाय. मागच्या खोलीत त्यांचा जीव की प्राण असलेला कॉम्प्रेसर. आडवी निळी टाकी, तिच्या डोक्यावर मोटर आणि पंप, दोघांमध्ये पट्टा, आणि पट्ट्यावर जाळीचं झाकण. मोटर पंप फिरवते, पंप टाकीत हवा कोंबतो, आणि ती कोंडलेली हवा लांब नळीतून पुढच्या खोलीत येऊन फवाऱ्याच्या गनमधला रंग उडवते. ऐकायला सोपं आहे. काकांसमोर मात्र सोपं म्हणायची सोय नव्हती. एका गिऱ्हाइकानं म्हणून पाहिलं होतं, "काय काका, बटण दाबायचं की झालं." त्याचं कपाट बरेच दिवस कोपऱ्यात तोंड फिरवून उभं होतं.

आता खरं सांगायचं तर ही गोष्ट काकांची कमी आणि काकूंची जास्त आहे. पण काकूंना स्वतःबद्दल कुणी बोललेलं आवडत नाही, त्यामुळे काकांपासूनच सुरुवात केलेली बरी.

काका मशीनची उठबस अशी करायचे की काकूंना लग्नाच्या पहिल्या वर्षी मत्सर वाटायचा. संध्याकाळी दुकान बंद करताना टाकीच्या पोटाखालचा नळ हळूच उघडायचा आणि आतलं तांबूस पाणी डब्यात काढायचं. काकूंनी एकदा विचारलं, "हवेच्या टाकीत पाणी कुठून येतं?" काकांना असे प्रश्न फार आवडायचे. म्हणाले, "हवेत ओल असतेच. दाबली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी आत बसून पत्रा खातं. बाहेरून टाकी नवी नवरी, आतून चाळण. मग एक दिवस फुटते. आणि फुटते म्हणजे फुग्यासारखी नाही, भिंत घेऊन जाते." हे सांगताना त्यांचा चेहरा असा गंभीर व्हायचा की पुढे काही विचारायची इच्छा व्हायची नाही.

सकाळी आधी तेलाच्या गोल काचेत डोकावायचं. हवा आत घेणारी जाळी काढून झटकायची. आठवड्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढायची. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे टाकीच्या अंगावरची पितळी बोंडली. दाब नको तितका वाढला की ती आपोआप उघडते आणि हवा बाहेर सोडून देते. काका कडी ओढायचे तेव्हा असा सणसणीत आवाज निघायचा की पुढे बसलेलं गिऱ्हाईक दचकून उठायचं. शेजारचा किल्लीवाला तर दर वेळी हातातली किल्ली खाली टाकायचा आणि ओरडायचा, "काका, आधी सांगत जा हो, माझं हृदय भाड्याचं आहे." काका ढिम्म. म्हणायचे, "ही कडी गंजून बसली ना, तर तुझं हृदय काय, तुझं दुकानही राहायचं नाही."

पट्ट्याला हात लावायचा असला की मशीन नुसतं बंद करून भागायचं नाही. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे आत हात असताना बाहेरून कुणी शहाण्यानं बटण दाबलं तरी काही बिघडायला नको. काकूंना धुण्याच्या कपड्यांत किती वेळा तो चिनी मातीचा फ्यूज सापडला असेल याची गणतीच नाही. एकदा तर काका काकूंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात फ्यूज खिशात घेऊन मिरवत होते. नवरदेवाला मिठी मारली तेव्हा तो टोचला म्हणून सापडला.

इतका काटेकोर माणूस, पण एका गोष्टीत हट्टी. टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. त्याची काच रंगाच्या धुक्यानं आंधळी झाली होती आणि आतला काटा कधीपासून एकाच जागी लोळत पडला होता. नवीन का बसवत नाही म्हटलं की काका आपल्या कानाकडे बोट करायचे. "काटा खोटं बोलेल. हा बोलणार नाही." आणि खरोखरच त्यांचा कान तसा होता. पुढच्या खोलीत गनचा फवारा चालू, तोंडावर मास्क, रस्त्यावर गाड्यांची पोंपों, आणि काका मधेच मान वर करायचे. "पट्टा सैल झालाय." जाऊन बघावं तर खरंच सैल. टाकी भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, आधी टिक् आणि मग फुस्स. त्या फुस्सला जरा उशीर झाला तरी त्यांना कळायचं. गल्लीत त्यांच्या कानाची कीर्ती होती, आणि काका त्या कीर्तीवर बराच भाव खायचे.

तो कान गेला कधी, हे कुणालाच कळलं नाही. काकांना तर नाहीच नाही.

काकूंना कळलं ते घरातल्या कुकरमुळे. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम पहिल्यापासून काकांकडे. एका रविवारी काकू गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या तर स्वयंपाकघरात जळका वास, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय, आणि काका तिथेच टेबलाशी बसून शांतपणे पेपर वाचताहेत. काकूंनी धावत जाऊन गॅस बंद केला. बटाट्यांचा पार लगदा झाला होता. "अहो, शिट्ट्या?" त्या म्हणाल्या. काकांनी वर पाहिलं. "कुठे झाल्या अजून?"

 काकू सिंकपाशी जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. मग हळूहळू एकेक गोष्ट जुळायला लागली. टीव्हीचा आवाज, फोनवर "मोठ्यानं बोल गं" असं लेकीवर ओरडणं, गिऱ्हाइकानं एक सांगितलेलं असताना काकांनी भलताच रंग मारणं. आयुष्यभर त्या धडधडणाऱ्या मशीनशेजारी उघडे कान घेऊन वावरलेला माणूस. मशीननंच कान खाल्ले होते.

डॉक्टरचं नाव काढलं तर काका उसळले. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? एक वेळ डोळ्यांना चष्मा लागेल." त्यांच्या आवाजात राग होता, पण काकू त्यांना इतकी वर्षं ओळखत होत्या. त्या रागाच्या आत भीती होती. ज्याच्यावर माणसानं आयुष्यभर मान ताठ ठेवली तेच गेलं, असं त्याला तोंडावर कसं सांगायचं? काकूंच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. बायका किती काय काय गिळतात याची यादी केली तर कुकर पुरायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू दुकानात यायला लागल्या. कारण काय सांगितलं? तर घरात एकटीला करमत नाही. सोबत शिवणाची पिशवी. मागच्या खोलीच्या दाराशी एक स्टूल टाकून बसायच्या, गळ्यांच्या पट्ट्या, बाह्यांच्या दुमडी असं हातशिवण करत. काका कुरकुरले, "इथे रंगाचा वास आहे, डोकं दुखेल तुझं." काकू म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा वास बरा."

आणि त्या ऐकायला लागल्या. सुरुवातीला सगळा नुसता गोंगाट. मग त्यातून एकेक आवाज सुटा होत गेला, जसं बाळाच्या रडण्यातलं भुकेचं कोणतं आणि झोपेचं कोणतं हे आईला कळतं. पट्टा सैल झाला की तो कण्हतो. हवा आत घेणारी जाळी तुंबली की पंपाला धाप लागते. पोटाखालचा नळ नीट बंद नसला की साप लपल्यासारखी बारीक शीळ.

आता ऐकलेलं काकांपर्यंत पोचवायचं कसं? तिथे काकूंनी डोकं चालवलं. शीळ ऐकू आली की त्यांची सुई नेमकी टाकीखाली पडायची. "अहो, जरा बघता का, मला वाकवत नाही." काका वाकायचे, हाताला हवा लागायची, आणि विजयी मुद्रेनं वर यायचे. "मला वाटलंच होतं. सकाळपासून आवाज येतोय." पट्टा कण्हला की काकूंना जाळीच्या झाकणावर धूळ दिसायची. काका मशीन बंद करायचे, फ्यूज खिशात टाकायचे, झाकण काढायचे आणि म्हणायचे, "पाहिलंस? सैल झालाय. माझ्या कानाला लगेच कळलं." काकू गालातल्या गालात हसून दोरा ओवायच्या.

किल्लीवाल्याच्या मात्र लक्षात आलं. चावट माणूस, पण मनानं चांगला. एक दिवस हळूच म्हणाला, "काकू, तुमची सुई फार घरंगळते हल्ली." काकूंनी असं पाहिलं की पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

हे सगळं गोडच होतं. गोष्ट इथेच संपली असती तर सांगायलाही मजा आली असती. पण काकूंनी एक चूक केली, आणि ती चूक त्यांच्याच हातून होणार होती, कारण दुसऱ्या कुणाला ती करण्याइतकी माया नव्हती.

झालं असं की मशीनचं ते टिक् आणि फुस्स उशिरा यायला लागलं. टाकी भरली तरी मोटर चालूच राहायची, थोडा वेळ जास्त, मग एकदम दचकल्यासारखी थांबायची. काकूंना पहिल्याच दिवशी कळलं. पण याला सुई टाकून भागणार नव्हतं. उशीर हा काही हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. काटा असता तर काट्यानं दाखवला असता, पण काटा तर आंधळा. सांगायचं म्हणजे सरळ सांगावं लागणार होतं, की मला ऐकू आलं आणि तुम्हाला नाही.

ते काही त्यांच्या तोंडून निघेना. म्हणून त्यांनी काय करावं? मोटर जास्त वेळ चालतेय असं वाटलं की त्या उठायच्या, मशीनचं बटण बंद करायच्या आणि म्हणायच्या, "अहो, चहा घ्या." काका आश्चर्यानं बघायचे. "आत्ताच तर घेतला." "मग काय झालं? दमला असाल." काकांना वाटलं, म्हातारपणी बायकोला आपला फारच पुळका आलाय. ते खूश. चहा ढोसून ढोसून त्यांना पित्त झालं, पण स्विच तसाच राहिला. काकू मनाला समजावत होत्या, मी आहे ना इथे.

आणि मग त्या तिथे नव्हत्या.

लेक दुसऱ्या गावात. जिन्यावरून घसरली आणि पायाला प्लास्टर घातलं. जावयाचा फोन आला, काकूंनी हाताला येतील ते कपडे पिशवीत कोंबले आणि सकाळची बस पकडली. निघताना काका दुकान उघडत होते. कुणाचं तरी भलंमोठं दोन दारांचं कपाट रंगायला आलं होतं. काकू म्हणाल्या, "आज नका करू हो. मी आल्यावर करा." काका हसले. "तुझ्याशिवाय मला रंग मारता येत नाही की काय?"

बस गावाबाहेर पडेपर्यंत काकूंच्या डोक्यात लेकच होती. मग शेजारच्या बाईनं थर्मास उघडला, चहाचा वास आला, आणि काकू ताठ बसल्या. मोठं कपाट. म्हणजे मशीन थांबायचं नाव नाही. आणि स्विच. मला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. फोन काकांच्या शर्टाच्या खिशात, खिसा दुकानातल्या खिळ्यावर, आणि काकांच्या कानांचं तर सांगायलाच नको.  मग किल्लीवाल्याला लावला. त्यानं उचलला, पण काकू "हॅलो" म्हणायच्या आत त्याच्या बाजूनं जो आवाज आला तो त्यांनी ओळखला. तीच सणसणीत किंकाळी. फक्त या वेळी ती थांबत नव्हती.

"काकू, हे काय चाललंय? काका कडी ओढून बसलेत की काय?"

"ओढलेली नाहीये." काकूंचा स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "मशीन बंद होत नाहीये. आत जाऊ नकोस. टाकीजवळ जाऊ नकोस. बाहेर मीटरच्या पेटीतला मेन खाली ओढ. आधी मेन. मग त्यांना हाताला धरून बाहेर काढ, हाक मारून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी म्हटलं होतं. बसमधली माणसं वळून बघत होती. पलीकडे धावल्याचा आवाज, काहीतरी आपटल्याचा आवाज, मग ती किंकाळी बारीक होत होत विझली. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. बऱ्याच वेळानं किल्लीवाला फोनवर आला, धापा टाकत. "आहेत. बाहेर आणलं. ठीक आहेत. माझ्यावरच ओरडताहेत, लाइट का घालवला म्हणून."

काकू बसमध्ये सगळ्यांसमोर हमसून हमसून रडल्या. पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि उलट्या बसनं परत आल्या. लेकीला फोनवर एवढंच सांगितलं, की उद्या येते, आज बाबांकडे जायलाच हवं.

दुकानापुढची गर्दी एव्हाना पांगली होती. काका पुढच्या खोलीत, अर्धवट रंगलेल्या कपाटासमोर बसले होते. मास्क गळ्यात लोंबत होता. काकूंना बघून त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. काकू समोर बसल्या, जवळ सरकल्या, म्हणजे काकांना ओठ दिसतील. 

"सगळी गल्ली धावत आली," काका म्हणाले. "पलीकडच्या रस्त्यावरची माणसं आली. आणि मी इथे रंग मारत उभा. मला कळलंच नाही गं." त्यांनी हात पुसायला कापड घेतलं आणि नुसतंच हातात धरून ठेवलं. "तो व्हॉल्व्ह अडकला असता तर तू परत आली असतीस तेव्हा इथे काही नसतं. संपलं आता. दुकान बंद करतो. ज्याला मशीन ऐकू येत नाही त्यानं मशीन चालवू नये. आजवर ठीक चाललं होतं, ते आज एकाएकी बिघडलं. माझा कान एका दिवसात गेला बघ."

काकू गप्प राहू शकल्या असत्या. त्यांना ते लख्ख दिसत होतं. नवरा जिवंत समोर बसला होता, आपण होऊन धंदा बंद करतो म्हणत होता, आता काळजी नको, रोजची ती सुई नको, तो चहा नको. एक शब्दही न बोलता सगळं मिटलं असतं. पण मग हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत घरात बसून राहिला असता, आणि दोष त्याचा नव्हता.

"एका दिवसात नाही गेला," काकू म्हणाल्या. "एकाएकी काही बिघडलंही नाही. स्विच कधीचा उशिरा पडत होता. मला माहीत होतं." आणि मग सगळं सांगितलं. कुकर, सुई, धूळ, चहा. एकही गोष्ट हातची राखली नाही. सांगताना त्यांनी एकदाही डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं.

काकांनी सगळं त्यांच्या ओठांकडे बघत ऐकलं. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग लाज आली, मग राग आला, आणि तो खरा राग होता. मशीनवरचा नव्हता, काकूंवरचाच होता.

"ऐकू येत नाही म्हणून माणूस मरत नाही," काका म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "तू सांगितलं नाहीस म्हणून मी मेलो असतो."

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं हजार वेळा आवाज चढवला होता, त्यातलं एकही बोलणं त्यांना असं लागलं नव्हतं. आणि ते खरं होतं म्हणूनच लागलं.

काका उठले आणि मागच्या खोलीत गेले. काकूंना वाटलं आता दार लावून बसतील. पण त्यांनी फ्यूज काढला, खिशात टाकला, टाकीखालचा नळ उघडला आणि आतली उरलेली हवा पार निघून जाईपर्यंत बाजूला उभे राहिले. नळीवर बोट ठेवून खात्री केली. मग स्विचचं झाकण उघडलं. आतले दोन तांब्याचे टिकले जळून एकमेकांना चिकटले होते. त्यांनी काकूंना हाक मारली. "हे बघ. असं झालं की मोटर थांबत नाही." ते रागावलेले होते, पण दाखवत होते. काकू दिव्याखाली वाकून बघत राहिल्या. मग काकांनी स्क्रू काकूंच्या तळहातावर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि स्विच सुटा केला.

पुढे दोन दिवस काका कामापुरतंच बोलले. काकू लेकीकडे जाऊन आल्या, तोपर्यंत नवा स्विच बसला होता, नवा काटा बसला होता, पांढऱ्या काचेचा, त्यावर लाल रेघ. काका कानांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले होते, एकटेच. कानात घालायचं छोटं यंत्र मिळालं होतं. घरी ते घालायला लागले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू पातेली इतकी आपटतेस?" काकूंनी आणखी एक आपटलं. तिथे त्यांचा अबोला सुटला.

दुकानात मात्र ते यंत्र चालायचं नाही, गोंगाट नुसता अंगावर येतो आणि रंगाचे कणही जातात. ते काढून डबीत ठेवावं लागायचं. मग काकूच कान, असं काकूंनी धरून चाललं होतं. स्टूल ओढलं, पिशवी उघडली, तर काकांनी त्यांच्या मांडीवर एक कागदी पुडकं ठेवलं. आत कानांवर घालायची जाड टोपणं होती, वरून पट्टी असलेली.

"हे घालून मला ऐकू कसं येणार?" काकू म्हणाल्या.

"नाहीच यायचं." काका म्हणाले. "माझे कान इथे बसून गेले. तू किती दिवस इथे उघड्या कानांनी बसलीस? मी तुला आधीच घरी पाठवायला हवं होतं. आता मशीन चालू असताना दोघांनी टोपणं घालायची आणि काट्यावर नजर ठेवायची. मशीन थांबलं की तू काढ आणि ऐक. आणि जे ऐकशील ते मला सांग. सुई टाकू नकोस."

काकूंनी टोपणं घातली. जग एकदम दूर गेलं. समोर काका काहीतरी बोलत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. असंच असतं तर, काकूंना वाटलं, इतके दिवस यांना असंच होतं. त्यांनी नवऱ्याच्या बाहीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आपला पंखा न्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं, बडबड्या माणूस, काकांच्या कानाची कीर्ती ऐकून आलेला. काकांनी फवारा थांबवला, मोटर टाकी भरून थांबली, दुकानात शांतता पसरली. काका मास्क काढून गिऱ्हाइकाला पंखा दाखवत होते. गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या कानाबद्दल फार ऐकलंय हो. मशीनच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखता म्हणे." काकूंनी टोपणं काढून गळ्यात अडकवली होती. त्यांना ऐकू येत होतं, नळी जिथे गनला जोडली होती तिथून बारीक हवा जात होती. त्यांनी सवयीनं सुईकडे पाहिलं. मग शिवण बाजूला ठेवलं, उठल्या, काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात, गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "अहो, तुम्हाला ऐकू आलं नाही. गनच्या सांध्यातून हवा जातेय."

गिऱ्हाईक ओशाळून दोघांकडे बघायला लागलं. काकू नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"नाही आलं," काका म्हणाले. त्यांनी पंखा खाली ठेवला आणि पान्ह्यासाठी हात पुढे केला. "बरं झालं सांगितलंस. कुठल्या बाजूनं?"